विश्लेषण : शेक्सपिअरची लय लातूरच्या कानाला का अडते?

इंग्रजी कविता मराठी विद्यार्थ्याला समजते, पण ऐकू येत नाही. ही अडचण आजची नाही. केशवसुतांपासून विंदा करंदीकरांपर्यंत अनेक कवींना तिला तोंड द्यावे लागले आणि प्रत्येकाने आपापली वाट काढली. या वाटेवर नांदेड आणि लातूर ही दोन मुक्कामाची गावे आहेत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

लातूर म्हटले की महाराष्ट्राला आधी आठवतो तो ‘लातूर पॅटर्न’. नीट, जेईई, सराव परीक्षा, आणि मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून भाड्याच्या खोलीत येऊन राहिलेले आईवडील. या धामधुमीत बारावीचा इंग्रजीचा पेपर म्हणजे ‘निघाला की झाले’ अशा यादीतला विषय. त्या पेपरात एक प्रश्न असतो : दिलेल्या कवितेचे रसग्रहण करा. उत्तर बहुतेकांचे घरूनच तयार असते. कवी कोण, विषय काय, अलंकार कोणते, यमकांची रचना कशी, संदेश काय आणि शेवटी ‘मला ही कविता आवडली, कारण...’. कविता कोणतीही येवो, साचा तोच. यमकांची रचना ‘अ ब अ ब’ अशी बिनचूक लिहिली जाते. ती कविता एकदा तरी मोठ्याने वाचलेली असते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गंमत अशी की, लातूर पॅटर्नच्या जडणघडणीशी ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव जोडले जाते, त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. त्यांच्याकडे पुढे येऊ. आधी कानाचा प्रश्न.

अडचण नेमकी कुठे आहे?

अडचण शब्दार्थाची नाही. शब्दकोश आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अडचण आहे ती ओळ कशाने चालते, याची.

मराठी पद्य चालते ते अक्षरांच्या वजनावर. ‘क’ लघु, ‘का’ गुरू. लघूला एक मात्रा, गुरूला दोन. ‘लातूर’ हा शब्द घ्या : ला गुरू, तू गुरू, र लघु. बोलताना आपण शेवटचा ‘र’ अर्धा गिळतो, पण पद्यात तो पुरा मोजला जातो. आता ‘नांदेड’ : नां गुरू, दे गुरू, ड लघु. दोन्ही शब्दांचे वजन एकच. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र शाळेत पाठ केलेल्यांना हा ‘त’ गण आहे, हे लगेच कळेल. निलंगा मात्र वेगळे : नि लघु, लं गुरू, गा गुरू, म्हणजे ‘य’ गण.

हे कोरडे गणित वाटत असेल तर मंगलाष्टकांची चाल आठवावी. मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एका ओळीत १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर थांबा आणि मग सात अक्षरांचा शेवट. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस अक्षता टाकण्यापूर्वी सगळा मांडव एका सुरात जी सात अक्षरे म्हणतो, त्यांच्या जागी ‘लातूर नांदेड ही’ असे म्हणून पाहा. चपखल बसते. कारण त्या जागेची मागणीच ‘त गण, त गण आणि एक गुरू’ अशी आहे. लग्नाला आलेल्या माणसाला गण ठाऊक नसतात, तरी कुणी एखादे अक्षर कमी-जास्त म्हटले तर त्याला खटकते. लय कानात मुरलेली असणे म्हणजे काय, ते हेच.

इंग्रजी कवितेचा कान वेगळा आहे. तिथे अक्षर लांब की आखूड, याला दुय्यम महत्त्व. जोर कुठे पडतो, यावर सगळा खेळ. इंग्रजीतला ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तेव्हा आघात पहिल्या अवयवावर पडतो; तोच क्रियापद झाला की आघात मागे सरकतो आणि उच्चार ‘रिकॉर्ड’च्या जवळ जातो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर सुरुवातीला असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्या अवयवावर उडी मारतो, आणि ज्यावरून जोर उठला तो स्वर इतका पातळ होतो की इंग्रज माणूस ‘फटॉग्रफर’सारखे काहीतरी म्हणतो. आपण मात्र प्रत्येक अक्षराला त्याचे पूर्ण माप देतो. मराठीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. एखाद्या अक्षराला मोठे करण्यासाठी शेजारच्याला खाऊन टाकायचे, ही रीत आपल्या भाषेच्या स्वभावात नाही.

शेक्सपिअरने ज्या छंदात नाटके आणि सुनीते लिहिली, त्या आयँबिक पेंटामीटरमध्ये दहा अवयव आणि पाच ठोके असतात. त-टाम, त-टाम, त-टाम, त-टाम, त-टाम. नुसते एवढेच ऐकले तर रेल्वेच्या डब्यात बसल्यासारखे वाटेल. पण खरी कारागिरी या ठोक्यात नाही, ती ठोका चुकवण्यात आहे. कानाला पाच ठोक्यांची सवय लागली की कवी मुद्दाम एका जागी उलटा ठोका देतो, कुठे दोन जोरकस अवयव लागोपाठ ठेवतो, कुठे ओळीच्या मध्येच वाक्य संपवतो. अपेक्षा आणि प्रत्यक्ष बोलणे यांतली ही ओढाताण म्हणजेच त्या ओळीचा भाव. तबल्यावर ताल धरलेला असताना गायक समेला जरा उशिरा येतो तेव्हा श्रोत्यांची मान हलते, तसे काहीसे.

लातूरच्या किंवा कुठल्याही मराठी वर्गात हीच ओळ दहा सारख्या पावलांनी वाचली जाते. ठोकाच उमटत नाही, त्यामुळे चुकलेला ठोका कळण्याचा प्रश्न येत नाही. मग उरतो फक्त अर्थ, आणि तो गाइडमध्ये छापलेला असतो. मराठी कविता वर्गात चालीवर म्हणायची परंपरा निदान प्राथमिक शाळेत तरी टिकून आहे. इंग्रजी कवितेच्या वाट्याला ते भाग्यही आले नाही.

मग केशवसुतांनी सुनीत आणले ते कसे?

त्यांनी इंग्रजी लय आणलीच नाही. आणली ती बांधणी.

महादेव मोरेश्वर कुंटे यांनी १८६९ मध्ये ‘राजा शिवाजी’ हे काव्य लिहिले, तेव्हा त्याला इंग्रजीत लांबलचक प्रस्तावना जोडून कविता कशी असावी, याची चर्चा केली होती. म्हणजे मराठी कवीने इंग्रजी काव्यकल्पनांचा विचार करण्याची सवय जुनी आहे. केशवसुतांच्या पिढीच्या हाती पालग्रेव्हने १८६१ मध्ये संपादित केलेला ‘गोल्डन ट्रेझरी’ हा संग्रह आला आणि त्यातून वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्स मराठी कवीच्या घरात शिरले. मालगुंडला जन्मलेल्या, शाळामास्तरकी करणाऱ्या या कवीने १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता लिहिली. तिला मराठीतले पहिले सुनीत मानले जाते. ‘सुनीत’ हा शब्द मात्र नंतर रूढ झाला.

सुनीत म्हणजे चौदा ओळी, एवढेच आपण शिकवतो. चौदा हा आकडा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. महत्त्वाचे असते ते वळण. इटालियन पद्धतीत पहिल्या आठ ओळी एक गोष्ट मांडतात आणि नवव्या ओळीपाशी कविता कूस बदलते. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन टप्पे होतात आणि शेवटच्या दोन ओळींत कवी सगळा डाव पालटतो किंवा त्यावर शिक्का मारतो. केशवसुतांच्या कवितेच्या शीर्षकातच दोन वस्तू समोरासमोर उभ्या आहेत. एकीकडून दुसरीकडे वळायला जागा हवी, ती या बांधणीने दिली. ओळी मात्र चालल्या त्या आपल्या वृत्तांवर. पुढेही कित्येक मराठी सुनीते शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तांतच लिहिली गेली. सांगाडा इंग्रजी, चाल मंगलाष्टकाची, असा हा संसार. आणि तो बरा चालला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला आपण ‘इंग्रजी परंपरा’ म्हणतो ती स्वतःच उसनवारीवर उभी आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘बेओवुल्फ’सारख्या काव्यात यमक हा ओळ बांधण्याचा नियमच नव्हता. ओळीत चार ठोके आणि त्या ठोक्यांवर सारख्या ध्वनीने सुरू होणारे शब्द, एवढ्यावर ती कविता चाले. यमकाची गोडी लागली ती लॅटिन आणि फ्रेंचच्या सहवासात. सुनीत इटलीतून आले. सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि अर्ल ऑफ सरे यांनी ते इंग्रजीत रुजवले. १५५७ मध्ये निघालेल्या टॉटेलच्या संग्रहाने ते लोकांपर्यंत नेले. शेक्सपिअरची १५४ सुनीते छापली गेली १६०९ मध्ये.

आणि आणताना इंग्रजांनाही तडजोड करावी लागली. इटालियन भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त, त्यामुळे यमके मुबलक. इंग्रजीत ती टंचाई. ‘लव्ह’ या शब्दाचीच गोष्ट घ्या. प्रेमकवितेत सर्वांत जास्त लागणारा हा शब्द, आणि त्याला यमक जुळणारे शब्द कोणते, तर ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘अबव्ह’ आणि असेच एखाद-दुसरे. म्हणून प्रेयसीच्या गोष्टीत कबुतरे, हातमोजे आणि वरचे आकाश वारंवार येते. इटालियन सुनीताच्या पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर पेलाव्या लागतात. सरेने आणि पुढे शेक्सपिअरने चौदा ओळींत सात यमके वाटून घेतली आणि ओझे हलके केले. ज्याला आपण शेक्सपिअरचे सुनीत म्हणून डोक्यावर घेतो, त्यातला निम्मा आकार भाषेच्या गरिबीतून आलेला आहे.

मराठीची अडचण नेमकी उलटी. ‘जातो, येतो, गातो, खातो’ अशी क्रियापदे यमकांच्या राशी ओततात. यमक जुळवणे इतके सोपे की ते जुळल्याचा आनंदच उरत नाही. त्यामुळे इंग्रजी कवितेचे अनुवाद करताना यमक सांभाळले म्हणून जी पाठ थोपटली जाते, ती बऱ्याचदा अनाठायी असते. इंग्रजीत जे कष्टाने मिळवलेले असते, ते मराठीत फुकट मिळालेले असते.

उर्दूत शिकलेल्या मराठवाड्याला काय वेगळे मिळाले?

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत लातूर आणि नांदेड निजामाच्या राज्यात होते. शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. इंग्रजी तिथे एक सक्तीचा विषय म्हणून शिकवली जाई. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी इंग्रजीतून इंग्रजी कवितेकडे जात होता, तेव्हा इकडच्या विद्यार्थ्याच्या वाटेत उर्दूचा उंबरठा होता. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते, ते याच वातावरणात.

हा तोटाच होता असे समजण्याचे कारण नाही. फारसी-उर्दू गझलेचे छंद अक्षराच्या लांबी-आखूडपणावर चालतात. गझलेच्या भाषेत त्याला शब्दच ‘वजन’ असा आहे. म्हणजे लघु-गुरूच्या मराठी कानाला गझल परकी वाटत नाही. इंग्रजी आघात मात्र परका वाटतो. हे सर्वांत चांगले दिसते ते माधव जूलियन यांच्याकडे. माधव त्र्यंबक पटवर्धन हे त्यांचे खरे नाव, आणि ते फारसीचे प्राध्यापक. त्यांनी दोन्हीकडून माल आणला. फारसीकडून गझल आणली आणि ‘गज्जलांजलि’ लिहिली. इंग्रजीकडचे सुनीत घेऊन ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतांची माळ लिहिली. गझलेची वृत्ते थेट मराठीत उतरली, सुनीताची फक्त बांधणी उतरली. ‘छंदोरचना’ हा मराठी छंदःशास्त्राचा आधारग्रंथ याच माणसाने लिहावा, यात नवल नाही. तीन भाषांच्या लयी एकाच कानात वाजत असल्याशिवाय असले काम होत नाही. मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली ती या कामासाठीच.

नंतरच्या कवींनी आकारही टाकून दिला?

काहींनी टाकला. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी मुक्तछंद रूढ केला आणि उतारवयात पुन्हा बंधनाकडे येऊन ‘दशपदी’ हा दहा ओळींचा स्वतःचा आकार घडवला. त्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चौदा ओळी परक्या वाटल्या म्हणून त्यांनी दहा केल्या, असे म्हणणे सोपे होईल. पण छोट्या बंदिस्त जागेत एक भाव पुरा करायचा, ही ओढ तीच आहे.

बा. सी. मर्ढेकरांची गोष्ट निराळी. ते इंग्रजीचे प्राध्यापक, इंग्लंडला राहून आलेले, ‘आर्ट्स अँड मॅन’ हे सौंदर्यशास्त्रावरचे पुस्तक इंग्रजीत लिहिलेले. टी. एस. एलियटचा प्रभाव त्यांच्यावर शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधला. पण महायुद्धानंतरच्या शहरातली घुसमट त्यांना मांडायची होती, तेव्हा त्यांनी हात घातला तो अभंगाला आणि जुन्या छंदांना. एलियटकडून आकार घ्यायचा नाही, नजर घ्यायची आणि ती तुकारामाच्या मापात ओतायची. अभंगाचे माप आहेच तसे सैल : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, लघु-गुरूचे बंधन नाही. बोलण्याचा सूर त्यात सहज राहतो. इंग्रजी कवितेवर इतका बारकाईने विचार करणाऱ्या कवीला उत्तर घरात सापडले, हे मर्ढेकरांच्या ‘दुर्बोधते’वर वाद घालणाऱ्यांच्या लक्षात बराच काळ आले नाही.

विंदा करंदीकरही व्यवसायाने इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणले, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत समजावून सांगितले, आणि स्वतःच्या कवितेत ‘मुक्त सुनीत’ हा प्रकार हाताळला. वृत्ताचे बंधन काढून घेतले तरी सुनीताचे वळण उरते का, याची ती परीक्षा होती. विंदांच्या गद्य लेखनाचा शोध घेणाऱ्या ‘विंदांचे गद्यरूप’ या पुस्तकासाठी मराठवाड्यातले ज्येष्ठ समीक्षक सुधीर रसाळ यांना २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नांदेडचा यात संबंध काय?

नांदेडमध्ये नरहर कुरुंदकर होते. आज त्यांना लोक ओळखतात ते इतिहास, राजकारण आणि धर्म यांवरच्या व्याख्यानांमुळे. पण प्रतिभा निकेतन शाळेत मराठी शिकवणाऱ्या या माणसाचे एक सुरुवातीचे पुस्तक आहे ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’. मोठे ग्रंथालय नाही, विद्यापीठ नाही, परीक्षांशी लेखकाचे सख्य नाही, आणि विषय काय, तर केंब्रिजचा समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स. पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हे कॉलेज १९५० मध्ये, हैदराबाद मुक्तीनंतर दोनच वर्षांनी सुरू झालेले.

रिचर्ड्‌सने केंब्रिजमध्ये जो प्रयोग केला, तो लातूरच्या रसग्रहणाच्या प्रश्नाशी थेट भिडतो. त्याने विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, पण कवीचे नाव आणि काळ काढून टाकला. सवडीने वाचा आणि काय वाटते ते लिहून द्या, एवढेच सांगितले. त्या उत्तरांवर आधारलेले ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. निष्पन्न काय झाले? इंग्लंडमधल्या नामांकित विद्यापीठातल्या, इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या मुलांना कवितेचा साधा सरळ अर्थही बऱ्याचदा लागत नव्हता. नामवंतांच्या कविता त्यांनी झिडकारल्या, सुमार कविता उचलून धरल्या. मृत्यू आला की गंभीर, आई आली की गहिवर, असे ठरावीक प्रतिसाद त्यांनी लिहून दिले. स्वतःच्याच आठवणी कवितेवर लादल्या. रिचर्ड्‌सने अशा दहा अडचणींची यादी केली. त्यातली एक अडचण होती, शब्दांचा नाद आणि लय न जाणवण्याची.

म्हणजे लय ऐकू न येणे हा मराठवाड्याच्या ‘मागासपणा’चा भाग नाही. केंब्रिजच्या मुलांनाही ती ऐकू येत नव्हती. फरक एवढाच की त्यांच्या शिक्षकाने त्यांचे चुकलेले वाचन प्रामाणिकपणे गोळा केले आणि त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे चुकायला वावच ठेवलेला नाही. साचा पाठ असेल तर चूक होत नाही आणि वाचनही होत नाही.

आणि लातूरचा?

डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या वाट्याला सार्वजनिक पदे पुष्कळ आली. १९७० मध्ये सुरू झालेल्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्यपद, १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद, लातूरचे नगराध्यक्षपद, राज्यसभेचे सदस्यत्व. या यादीत त्यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक झाकले जाते. ‘निग्रो’ हा शब्द आज अवमानकारक मानला जातो. त्या काळी तो अभ्यासग्रंथांतही सर्रास वापरला जाई.

या पुस्तकामागे एक वातावरण होते. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय होते, अमेरिकेत शिकून आलेले एम. एन. वानखडे होते, गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ होते. कृष्णवर्णीय लेखक आपल्या भोगवट्याला शब्द कसे देतात, हा प्रश्न तिथे दलित लेखकांच्या चर्चेत आला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मराठी वाचकाला ‘इंग्रजी कविता’ म्हणजे डॅफोडिल्स आणि बुलबुल एवढेच ठाऊक असताना, मराठवाड्यातले इंग्रजीचे प्राध्यापक वेगळीच इंग्रजी कविता दाखवत होते.

ती कविता कारागिरीच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. नुसता संताप म्हणून ती वाचली की निम्मी हातची जाते. जमैकात जन्मलेला क्लॉड मकाय १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहरांत कृष्णवर्णीयांवर झालेले हल्ले पाहत होता. त्याने ‘इफ वी मस्ट डाय’ ही कविता लिहिली, ती शेक्सपिअरच्या घाटाचे काटेकोर सुनीत आहे. चौदा ओळी, सात यमके, पाच ठोके, शेवटी जोडओळ. दरबारी प्रेमासाठी घडलेले भांडे त्याने उचलले आणि प्रतिकारासाठी वापरले. मालकाच्या घरातल्या उत्तम चिनी मातीच्या कपात गुलामाच्या नातवाने स्वतःचा चहा ओतावा, तसे. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनीही सुनीत असेच वाकवले; १९५० मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका.

लँग्स्टन ह्यूजने उलटी वाट धरली. १९२६ मध्ये आलेल्या ‘द वेअरी ब्लूज’ या पहिल्याच संग्रहात त्याने शेतमजुरांच्या आणि गल्लीबोळांतल्या गाण्याचा आकार पुस्तकी कवितेत आणला. ब्लूजचे कडवे साधे असते. एक ओळ म्हणायची, तीच थोड्या फरकाने पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत यमक जुळवून उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ तीच असली तरी तिचा भार वाढलेला असतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ओळ घोळवायची, पुन्हा म्हणायची, तेवढ्यात पुढची सुचते; हात दळत असतो.

मकाय की ह्यूज, म्हणजे प्रस्थापितांचा आकार काबीज करायचा की आपल्या माणसांचा आकार वर आणायचा, हा प्रश्न दलित कवितेसमोरही होता. ढसाळांनी मुक्तछंद आणि गावकुसाबाहेरची, गल्लीची बोली घेतली. वामनदादा कर्डकांनी गाणे सोडले नाही. दोन्हींचे श्रोते वेगळे होते, आणि वामनदादांचे निश्चितच जास्त होते.

या सगळ्याला विरोध कोणाचा?

भालचंद्र नेमाडे यांचा. तेही इंग्रजीचे प्राध्यापक, औरंगाबादच्या विद्यापीठात शिकवलेले, आणि कवी. इंग्रजीचा मराठीवरील प्रभाव हा त्यांच्या भाषाशास्त्रीय अभ्यासाचा विषय. त्यांच्या देशीवादाचा रोख असा की, मराठीला महानुभाव आणि वारकऱ्यांपासूनची स्वतःची सलग परंपरा असताना आधुनिकतेची सुरुवात इंग्रजी पुस्तकापासून मोजायची, ही गुलामीची सवय आहे. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मर्ढेकर अभंगाकडे वळले, हा त्याचा एक पुरावाच. पण नेमाड्यांच्या स्वतःच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नाव ‘मेलडी’ आहे, हेही विसरता येत नाही. शिवाय इंग्रजीने इटलीकडून, मराठीने फारसीकडून आणि मकायने शेक्सपिअरकडून जे घेतले, ते देशी मानायचे की परके, याचे उत्तर देशीवादाकडे सहज सापडत नाही.

वर्गात काही बदलता येईल का?

मोठ्या सुधारणांची गरज नाही. कविता शिकवायच्या आधी ती दोनदा मोठ्याने वाचली जावी आणि जिथे जोर पडतो तिथे बाकावर टिचकी मारायला मुलांना सांगावे, एवढे कोणत्याही शिक्षकाला जमण्यासारखे आहे. दहा मिनिटांचे काम. टिचकी कुठे चुकते, तीच कवितेतली बघण्याची जागा. सोबत मराठीतले एखादे कडवे चालीवर म्हणवून घ्यावे, म्हणजे दोन भाषांच्या चालण्यातला फरक मुलांच्या कानालाच कळतो. फळ्यावर आयँबिकची व्याख्या लिहिण्याची वेळच येत नाही. रिचर्ड्‌ससारखा, नाव झाकून कविता देण्याचा प्रयोगही करता येईल. अट एकच, त्या तासाला गुण देऊ नयेत. लातूरमध्ये हीच अट सर्वांत अवघड ठरेल.

ऐकण्याची साधने तर हातातल्या फोनमध्येच आहेत. एलियटने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या कविता मिळतात. लँग्स्टन ह्यूजने १९५८ मध्ये चार्ल्स मिंगस आणि इतर जॅझ वादकांच्या साथीवर ‘वेअरी ब्लूज’ वाचून ध्वनिमुद्रित केले, तेही मिळते. आणि त्याच फोनवर ‘पारी’च्या संकेतस्थळावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात नोंदवलेल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात ऐकायला मिळतात.